हाफ-अप हवंय, पफ नको! (मे महिना, अंगणातला मांडव आणि पातळ केस)

खाडीपलीकडची
मंडळी, मे महिन्यात भाचीचं लग्न आहे. गुहागरजवळ, घरच्याच अंगणात मांडव. आमच्याकडे अजून हॉलचं खूळ शिरलेलं नाही. मुहूर्त सकाळचा, संध्याकाळी रिसेप्शन. अंबाडे घालायचे नाहीत असं आम्ही तिघींनी ठरवलंय. तिघी म्हणजे मी, माझी मोठी बहीण (वधूमाय) आणि रिसेप्शनपुरती खुद्द नवरी. अर्धे केस वर घेऊन मागे बांधलेले आणि बाकीचे पाठीवर मोकळे, एवढंच हवंय.

अडचण अशी की तिघींचे केस एकाच घराण्याचे. पातळ, सरळ, सुळसुळीत. क्लचर लावला की अर्ध्या तासात मानेवर येतो. माथ्यावर तर केस बसलेलेच असतात. पार्लरमध्ये विचारलं तर सगळीकडे एकच उत्तर: आत स्पंज भरू, वर पफ काढू. तो पफ रस्त्याच्या पलीकडून ओळखू येतो हो! मला केस दाट दिसायला हवेत, आत काही भरलंय असं दिसायला नको.

आणखी एक. मी दापोलीहून दाभोळ-धोपावे फेरीबोटीने येणार, म्हणजे खाडीवरचा वारा खाऊनच. गंगावन लावायचं नाही. सांगा आता.

सुपारीची_वाडी
पहिलं काम कात्रीचं. लग्नाआधी दोन-तीन आठवडे टोकं एका सरळ रेषेत कापून घ्या. पातळ केसांत लेयर्स काढले की खाली उंदराची शेपटी उरते, आणि हाफ-अपमध्ये नेमका तोच भाग मोकळा असतो.

चाकरमानी_दादर
मी चुकून या धाग्यावर आलो. बायकोने मोबाइल हातातून काढून घेतलाय, आता परत मिळेल असं वाटत नाही.

फणीवाली
रत्नागिरीत घरच्या घरी पार्लर चालवते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. चहा घेऊन बसा.

पहिला प्रश्न, वर केस किती घ्यायचे? बहुतेक जणी कानापासून कानापर्यंत सगळेच वर ओढतात. पातळ केसांत असं केलं की खाली मोकळं सोडायला काही राहतच नाही, आणि वरही ताणून चप्प बसतं. दोन्ही अंगठे भुवयांच्या बाहेरच्या टोकांशी ठेवा आणि तिरके वर-मागे न्या. डोक्याचा गोलवा जिथे मागे उतरायला लागतो तिथे ते भेटतील. तेवढाच भाग वर. कानांवरचे आणि कानांमागचे केस खालीच राहू द्या, दाटपणा त्यांच्यामुळे दिसतो.

आता या वरच्या भागातली पुढची दोन बोटं रुंदीची पट्टी वेगळी काढा आणि चिमटा लावून कपाळावर ठेवून द्या. तिला फणी लावायची नाही. ती शेवटी वरून पांघरायची असते. तिच्यामागचे केस आडव्या पापुद्र्यांत घ्यायचे. एक पापुद्रा सरळ वर ताणून धरा, मुळापासून तीन-चार बोटं वर फणी लावा आणि मुळाकडे दाबत आणा. फणी काढा, पुन्हा वरून खाली. वर-खाली, वर-खाली घासायचं नाही, फक्त खालच्या दिशेने, दोनदा-तीनदा. मुळाशी छोटी गादी बसते. असे तीन-चार पापुद्रे पुरतात. मग लांबून हलका हेअरस्प्रे, आणि पुढची पट्टी मागे आणून मऊ ब्रशने फक्त वरचा थर सारखा करायचा. ब्रश खोलवर गेला की केलेली गादी मोडली म्हणून समजा.

बांधायला बारीक रबर घ्या. बांधून झालं की एका हाताने गाठ घट्ट धरा आणि शेपटीवाल्या फणीच्या टोकाने माथ्यावरचे केस जरा जरा सैल उचला. इथे घाई नको. एक उचल, आरशात बघा, मग दुसरी. समोरून नाही, बाजूने बघायचं. उंची माथ्याच्या मागच्या अंगाला हवी. कपाळाच्या वर आली की तोच तुम्हाला नको असलेला पफ झाला! सगळा फरक या चार बोटांच्या जागेचा आहे.

पिनांबद्दल एक गोष्ट, जी निम्म्या बायकांना कुणी सांगितलेलीच नसते. काळ्या पिनेची नागमोडी बाजू डोक्याकडे आणि सपाट बाजू वर. ती नागमोड पकडीसाठीच दिलेली असते. सुळसुळीत केस असतील तर आधी पिनांवर स्प्रे मारा, चिकटसर वाळू द्या आणि मग लावा. एकेक सुटी पिन खोचण्यापेक्षा दोन पिनांची फुली घाला, हलत नाही.

खाडीपलीकडची
फणीवालीताई, चहा दोनदा झाला! भुवयांची खूण फारच उपयोगी. आता केस धुवायचे कधी? त्याच सकाळी न्हायचं तर घरात एकच न्हाणीघर, त्यात पाहुणे. आणि आमच्या विहिरीचं पाणी मेमध्ये जरा मचूळ होतं.

फणीवाली
आदल्या दिवशी दुपारी न्हा. त्याच सकाळी धुतलेले केस निसटतात, पिन धरत नाहीत. शाम्पू मुळांना दोनदा, कंडिशनर फक्त कानांखालच्या भागाला. मचूळ पाण्यात फेस नीट होत नाही आणि केस वाळल्यावर राठ, चिकट लागतात, म्हणून शेवटचे दोन तांबे तरी पिण्याच्या पाण्याचे घ्या. वाळवताना मान खाली घालून मुळं वाळवा. आणि रात्री भांग रोजच्या उलट्या बाजूला पाडून झोपा. सकाळी तो पुन्हा जागेवर आणलात की मुळं आपोआप उभी राहतात. फुकटातला उपाय आहे.

आजीचं_खोबरेल
शाम्पू, स्प्रे, कंडिशनर. केसांना तेल हा शब्द आतापर्यंत एकीनेही काढलेला नाही, आणि हा म्हणे कोकणातला धागा! आमच्या घरी लग्नाच्या दिवशी तेल न लावता कुणी उंबरा ओलांडला नसता.

फणीवाली
काकू, तेलाशी माझं वैर नाही. पण लग्नाच्या सकाळी माथ्याला तेल लावलंत तर केस जे चिकटून बसतात ते वरमाला होईपर्यंत उठत नाहीत. तेल दोन दिवस आधी रात्री लावा, न्हाताना धुऊन काढा. त्या रात्री हवं तेवढं लावा.

आजीचं_खोबरेल
दोन दिवस आधी चालेल. पण लावायचंच.

निवृत्त_मास्तर
काकूंच्या बाजूने एक पुरावा देतो. खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल या तिघांची तुलना करणारा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला होता. केसांतली प्रथिनं कमी होण्याचं प्रमाण तिघांपैकी फक्त खोबरेलाने लक्षणीय घटवलं, आणि धुण्याआधी लावलं तरी त्याचा उपयोग दिसला. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्यामुळे ते केसाच्या आत शिरतं. म्हणजे न्हाण्याआधी तेल हे शास्त्राला धरूनच आहे. न्हाल्यावर नको, हेही फणीवाली बरोबर सांगतायत.

आता दमट हवेचं सांगतो. केस हे केरॅटिन नावाच्या प्रथिनाचे. त्याच्या साखळ्या एकमेकींना मुख्यतः दोन प्रकारे बांधलेल्या असतात. डायसल्फाइड बंध पक्के. ते पाण्याने सुटत नाहीत, पार्लरमधलं पर्मिंगचं रसायन त्यांच्यावर काम करतं. दुसरे हायड्रोजन बंध. हे कच्चे. केस ओला झाला किंवा तापला की सुटतात, आणि वाळताना अथवा गार होताना केस ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. कर्लिंग रॉडचं सगळं काम याच बंधांवर चालतं. पण हवेत भरपूर बाष्प असलं की ते केसात शिरतं आणि हेच बंध परत सुटे करतं. पुण्यात संध्याकाळपर्यंत टिकणारे कर्ल गुहागरात जेवणाच्या पंगतीआधी उतरतात ते यामुळे.

फणी उलटी फिरवणं हा प्रकार वेगळा. केसाच्या पृष्ठभागावर कौलं रचावीत तसे खवले असतात, मुळाकडून टोकाकडे एकावर एक. फणी मुळाकडे दाबली की ते उचलले जातात आणि एका केसाचे खवले दुसऱ्याच्या खवल्यांत अडकतात. ही अडकण बाष्पाने सहजासहजी सुटत नाही. तेव्हा आपल्याकडे केशरचना उष्णतेच्या भरवशावर उभी करू नये. गुंता, गाठ, वेणी आणि पिन यांच्यावर उभी करावी. (खवले उचलल्याने केसाला इजाही होते, म्हणून हे रोज करायचं काम नव्हे.)

चाकरमानी_दादर
मास्तर, तुम्ही आम्हाला दहावीला असतात तर माझे केस तरी राहिले असते.

मालवणी_खाजां
कौलाचो मुद्दो एकदम पटलो! आमच्या घराचीव तशीच आसत, उलट्या हातान कोण चढलो तर सगळी उचकटतत.

अळंबी
उष्णता अगदीच वर्ज्य करू नका. खालच्या मोकळ्या केसांना हलका बाक दिला तर ते बरेच भरलेले दिसतात. मोठ्या गोलाईचा रॉड, पातळ केसांना १५० अंशांच्या आसपास पुरे, २०० ला नेऊन भाजू नका. बट रॉडवरून काढल्यावर लगेच सोडायची नाही. तळहातावर गुंडाळी धरून चिमटा लावा आणि पूर्ण गार होऊ द्या. मास्तरांनी सांगितलेले बंध गार होतानाच जुळतात ना! आणि हवे आहेत त्यापेक्षा घट्ट कर्ल काढा, उतरून हवे तेवढे राहतील.

ज्यांच्या डब्यावर ग्लिसरीन वरच्या नंबरांत लिहिलंय ती जेल आणि सीरम मेमध्ये टाळा. ग्लिसरीन हवेतलं पाणी खेचतं, आपल्याकडे हवेत पाणीच पाणी.

सुपारीची_वाडी
आणि वीज गेली तर? वळीव आला की आमच्याकडे पहिला फटका विजेला. मागे श्रीवर्धनात एका लग्नात नवरीचे अर्धे कर्ल झाले आणि लाइट गेली. अर्धं डोकं कुरळं, अर्धं सरळ. भटजी बाहेरून घाई करतायत. शेवटी सरळ बाजूची वेणी घालून ती पुढे घेतली. फोटोत छानच दिसतं, मुद्दाम केल्यासारखं.

त्यामुळे बिनविजेचा बेत तयार असू द्या. रात्री केस किंचित ओलसर असताना कानांखालून चार सैल वेण्या घालायच्या, टोकाला रबराऐवजी कापडाची पट्टी. मुळापासून वेणी घातलीत तर माथ्यावर नागमोडी खुणा उमटतात आणि सकाळी झोपून उठल्यासारखं दिसतं. केस पूर्ण वाळल्याशिवाय सोडायच्या नाहीत. सोडल्यावर फणी नाही, बोटं.

काकांचा_पुतण्या
पुरुष असूनही लिहितोय, कारण माझे काका दशावतारात स्त्री भूमिका करायचे. दशावतारी माणूस रंगरंगोटी, साडी, केस सगळं स्वतःच करतो, पेटाऱ्याजवळ बसून, समोर छोटा आरसा. जत्रेतला खेळ रात्री उशिरा सुरू होतो तो उजाडेपर्यंत चालतो, त्यात नाच, त्यात लढाई. पण काकांचं गंगावन कधी ढळलेलं मी पाहिलं नाही.

त्यांची युक्ती साधी होती. ते म्हणायचे, पिन केसात लावायची नसते, वेणीत लावायची असते. जिथे भार येणार तिथे आतल्या केसांची करंगळीएवढी घट्ट वेणी डोक्याला चिकटून आडवी घालायची आणि दोन्ही टोकं पिनांनी दाबून टाकायची. मग वरचं जे काही असेल, बट, फूल, दागिना, त्याची पिन त्या वेणीच्या पेडांत अडकवायची. मोकळ्या केसातून पिन घसरते, पेडातून घसरायला तिला जागा नसते. तुमच्या हाफ-अपला ही वेणी वरच्या भागाच्या खाली लपेल, कुणाला दिसणारही नाही.

फणीवाली
काकांना नमस्कार सांगा! पार्लरच्या कोर्सात हे शिकवायला पैसे घेतात. सुळसुळीत केसांना याहून चांगला पाया नाही. आईची राखडी किंवा सोन्याचं फूल माळायचं असेल तर ही वेणी हवीच, नुसत्या रबरावर ते वजन पेलत नाही. जेवायला बसेपर्यंत लोंबायला लागतं.

अबोली_आणि_मी
फुलांचं कुणी बोललं नाही म्हणून मी बोलते. हाफ-अपमध्ये मोगऱ्याचा जाड गजरा घालायचा मोह आवरा. भरपूर पाणी मारलेला गजरा चांगलाच जड असतो. तो माथ्यावरची गादी खाली खेचतो आणि त्याच्या पाण्याने बाकीचंही बसतं. पाणी झटकून, फडक्यावर थोडा वेळ ठेवून मग माळा, आणि एकपदरीच. त्याहून उत्तम म्हणजे अबोलीचा वळेसर (आपल्याकडचा गजराच). वजन जवळजवळ नाहीच, दिवसभर कोमेजत नाही, आणि काळ्या केसांवर तो केशरी रंग काय उठतो! रबर झाकायला गाठीभोवती अर्धचंद्र करा, आकड्यांनी आतल्या वेणीला अडकवा. वास नाही ही एकच उणीव. ती भरून काढायला मध्ये चार मोगरे ओवा.

सुरंगी मिळाली असती तर गोष्टच वेगळी, पण ती फेब्रुवारी ते एप्रिलची. मेमध्ये वाळवलेलीवर भागवावं लागेल.

मालवणी_खाजां
सुरंगीचो वळेसर म्हटल्यावर गप ऱ्हवाक येयना. आसोली-आरवलीची सुरंगी ज्येनी माळली तेका सेंटची बाटली दाखवू नये. वाळलेलीवय वास सोडणा नाय. केसात चार कळ्ये खोचा, फुरो झाला.

खाडीपलीकडची
काल रंगीत तालीम केली, ताईच्या डोक्यावर. आधी चांगली बातमी. भाग कमी घेतल्याचा फरक एवढा दिसला की शेजारच्या काकूंनी "केस वाढवलेस काय गं?" असं विचारलं. आतली वेणी भन्नाट. पूर्ण दुपार ती मांडवाच्या झापांचं बघत उन्हात फिरली, पिन जागच्या जागी.

आता तक्रारी. एक, माथ्यावर उचललेल्या केसांतून मधूनच पांढरी टाळू दिसते. दोन, रबरापासून निघालेला शेपटा फार किरकोळ, खालच्या केसांवर वेगळा उठून दिसतो. तीन, ताईला नाही, पण नवरीला सकाळी मुंडावळ्या आहेत, आणि ती आता म्हणतेय की तिलाही सकाळपासूनच हाफ-अप हवंय. मुंडावळ्यांची दोरी बांधली की वरचं सगळं दबतं.

फणीवाली
एक. भांग सरळ पाडू नका, फणीच्या टोकाने नागमोडी पाडा, टाळूची रेघ तुटते. तरी दिसली तर केसांच्या रंगाची आयशॅडो ब्रशने हलकी थोपटा. मॅट घ्या. चमकीवाली घेतलीत तर डोक्यावर दिवाळी.

दोन. शेपटा एकटा सोडायचा नाही. पहिल्या गाठीच्या बरोबर खाली, कानांमागून दोन बारीक बटा घेऊन दुसरी गाठ बांधा. ती पहिल्या शेपट्याखाली झाकली जाते. वरचा शेपटा त्या दुसऱ्या शेपट्यावर पडतो आणि टप्पा दिसेनासा होतो. दोन्हींना एकत्रच बाक द्या. गाठीलगत दोन-तीन बटा सैल ओढल्यात तर आणखी भरेल.

तीन, मुंडावळ्या. हा प्रश्न मे महिन्यात दर आठवड्याला येतो. दोरी माथ्यावरून न्यायचीच नाही. कपाळावरून कानांच्या वरून, वर घेतलेल्या भागाच्या खालून, मोकळ्या केसांच्याही आतून मागे नेऊन मानेच्या वर गाठ मारायची. म्हणजे दोरी दिसत नाही आणि वरचा उभार मोकळा राहतो. कानांमागे एकेक पिन दोरीवरून घाला, नाहीतर पहिला नमस्कार केला की मुंडावळ्या नाकावर. आणि हे भटजींनी बांधायच्या आधी घरातल्या बाईने बांधून घ्यायचं. भटजींचा हात केसांचा विचार करत नाही.

आजीचं_खोबरेल
आणि अक्षतांचं काय? एवढा गुंता करून ठेवलाय डोक्यात, मंगलाष्टकं संपेपर्यंत पावशेर तांदूळ आत जाईल.

फणीवाली
काकू, थोडा जातोच! पण बहुतेक अक्षता वरच्या गुळगुळीत थरावरून घसरतात, आत फार कमी शिरतात. म्हणून तर पुढची पट्टी नीट पांघरायची. अक्षता ओल्या कुंकवाच्या नसाव्यात एवढं मात्र बघा, केसाला चिकटतात.

उष्टावणाची_तयारी
मध्येच घुसते, माफ करा. देवगडला असते. बाळ पाच महिन्यांचं, पुढच्या महिन्यात उष्टावण. केस मूठमूठ गळतायत, कानशिलांवर तर विरळ झालंय. हाफ-अप केलं की तेच उघडं पडतं. माझ्यासारखीने काय करावं?

अळंबी
आधी घाबरू नकोस. गरोदरपणात जे केस गळायचे थांबलेले असतात ते बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी एकदम गळतात. बहुतेकींचे बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत पूर्ववत होतात. वर्ष उलटूनही थांबलं नाही किंवा फार थकवा असेल तर डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घे.

उष्टावणासाठी कानशिलांवरचे केस मागे ओढूच नको. वरचा भाग भुवयांच्या टोकांऐवजी भुवयांच्या मध्यापासून घे, आणखी अरुंद. दोन्ही बाजूंना सैल बटा सोड. नवे बारीक केस येत असतील तर ते दडपू नकोस, चेहऱ्याभोवती छान दिसतात. काहीही घट्ट बांधायचं नाही, आणि गंगावन तर अजिबात नको. आधीच नाजूक झालेल्या मुळांना ताण कशाला? आणि बाळ केस ओढणारच, तेव्हा कडेला पिना नकोत. सगळ्या मागे.

कुरळी_केळशी
सरळवाल्यांचं झालं असेल तर आम्हा कुरळ्यांचं बघा. आमच्याकडे दाटपणा आहे, पण दमट हवेत तो चारी दिशांना जातो.

अळंबी
मग नशीबवान आहेस, तुला उलटी फणी लागतच नाही. कोरड्या केसांत फणी घालू नको. ओल्या केसांना अळशीचं जेल लावून बोटांनी गुंडाळ्या कर आणि न हलवता वाळू दे. एक वाटी पाण्यात दोन चमचे अळशी उकळायची. पाणी तार धरू लागलं की गरम असतानाच गाळ, गार झालं की अळशी सोडत नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं. वाळल्यावर वरचा भाग बोटांनीच गोळा कर आणि सैल बांध. चेहऱ्याभोवतीच्या बटा शेवटी निवडून सोड.

खाडीपलीकडची
फेरीबोटीचं राहिलं!

सुपारीची_वाडी
केस घरून करून निघूच नका. बोटीत गाडीतच बसून राहीन असं सगळे म्हणतात आणि बोट सुटली की पहिले कठड्याशी जातात. सैल वेणी घाला, वरून सुती ओढणी, आणि धोपाव्याला उतरून मांडवात पोचल्यावर केस करा. डोक्याला स्कार्फ आवळलात तर मुळं बसतात, मग फणीवालींची मेहनत वाया.

खाडीपलीकडची
बरं. आणि सकाळचंच रिसेप्शनला चालवता येईल का? नवरीला मध्ये तासभर मिळेल, त्यातही साडी बदलायची.

फणीवाली
चालवा. सगळं सोडून पहिल्यापासून करायला बसू नका, तासात होत नाही. मुंडावळ्या आणि फुलं काढा. घामाने बसलेल्या मुळांना ड्राय शाम्पू, किंवा तो नसेल तर बिनवासाची थोडी टाल्कम पावडर ब्रशने, फक्त मुळांशी, आणि नीट जिरवा, नाहीतर फोटोत कोंडा दिसतो. फणीच्या टोकाने माथा पुन्हा उचला. गाठीच्या दोन्ही बाजूंनी एकेक बट पिळून मागे आणा आणि आतल्या वेणीत अडकवा. मोकळ्या केसांच्या बाहेरच्या चार-पाच बटांनाच रॉड लावा. आतल्यांना कोण बघतंय? ताज्या अबोलीचा वळेसर घातलात की वेगळीच रचना वाटेल. वीस मिनिटांचं काम आहे, साडीच जास्त वेळ खाईल.

वधूमाय_स्वतः
मी ती मोठी बहीण. धाकटीने माझ्या डोक्यावर प्रयोग केले आणि इथे जगाला सांगितलं हे आत्ताच कळलं. केस मस्त झाले होते यात वाद नाही. पण रात्री सोडताना डोळ्यांत पाणी आलं. लग्नादिवशी रात्री हे सोडवायचं कसं, तेही लिहून ठेवा. तेव्हा घरात कुणाच्या अंगात त्राण नसेल.

फणीवाली
ताई, आधी सगळ्या पिना काढा. लावताना मोजलेल्या असल्या तर उशीत एखादी टोचत नाही. रबर ओढू नका, छोट्या कात्रीने कापा. मान खाली घालून अक्षता झटका. हे तेलाच्या आधी, कारण तेलात त्या चिकटून बसतात. आता खोबरेल. (काकू, वाचताय ना?) गुंत्यावर सढळ हाताने चोळा आणि दहा मिनिटं गप्पा मारा. मग बोटांनी टोकाकडून सुरुवात करून वर वर यायचं, मुळाशी सर्वांत शेवटी. त्यानंतर रुंद दातांची फणी, तीही टोकाकडूनच. गुंता सुटायच्या आत पाणी लावायचं नाही, ओला गुंता आवळतो.

न्हायचं ते सकाळी. स्प्रे आणि तेल एकत्र असेल तर शाम्पू दोनदा लागेल.

आजीचं_खोबरेल
वाचतेय. शिकेकाई एकदाच लागते.